चंद्राआड सूर्य कसा मावतो?

पौर्णिमेच्या संध्याकाळी गावाबाहेरच्या माळावर उभे राहिले म्हणजे एक मौज पाहावयास मिळते. पश्चिमेला सूर्य टेकलेला असतो आणि त्याच सुमारास पूर्वेला चंद्र वर येत असतो. इकडून तिकडे मान वळवून पाहा. एक तांबडा, दुसरा पिवळसर. पण थाळी दोघांचीही तेवढीच. जणू एकाच साच्यातून काढलेल्या. हे आपण लहानपणापासून इतक्या वेळा पाहिलेले असते की त्यात विचारण्यासारखे काही आहे असे वाटतच नाही. विचारायला हवे ते असे: सूर्य हा चंद्रापेक्षा प्रचंड मोठा आहे असे शाळेत शिकवतात. मग हे दोघे सारखे दिसतात कसे? आणि अमावास्येला कधीमधी तो इवलासा चंद्र आडवा आला की एवढा मोठा सूर्य त्याच्या पाठीमागे मावतो तरी कसा?

आधी सारखे म्हणजे किती सारखे, ते मोजून घेऊ. हात पुढे लांब करून चिमटीत तुरीचा एक दाणा धरा आणि एक डोळा मिटून चंद्राकडे पाहा. सबंध चंद्र त्या दाण्याआड जाईल. उगवतीचा चंद्र परातीएवढा दिसतो आणि माथ्यावर आला की वाटीएवढा होतो असे आपण म्हणतो. पण तो दाणा दोन्ही वेळा तितकाच पुरतो. परात आणि वाटी हा सगळा आपल्या मनाचा खेळ. सूर्यावर मात्र हा प्रयोग करू नका बरं का, डोळे जातील. सूर्यासाठी आपल्या घरात दुसरे साधन आहे. कौलाच्या बारीक भोकातून जमिनीवर जो कवडसा पडतो तो गोल असतो. भोक चौकोनी असो की तिकोनी, कवडसा गोलच, कारण ते भोकाचे चित्र नसून सूर्याचे चित्र असते. भोकापासून कवडशापर्यंतच्या अंतराला १०८ ने भागा. जेवढे येईल तेवढी कवडशाची रुंदी. अंतर सव्वातीन मीटर असेल तर कवडसा तीन सेंटिमीटरांचा. (ऊन तिरपे असेल तर कवडसा लांबट होतो, तेव्हा त्याची आखूड बाजू मोजावी.) सूर्यही आपल्यापासून स्वतःच्या रुंदीच्या सुमारे १०८ पट लांब आहे, म्हणून हे जमते. हा १०८ चा आकडा पाहून कुणाला जपमाळ आठवेल. पण तो मोह आवरावा, कारण चंद्राचा हाच आकडा ११० च्या वर जातो.

दोघांची दिसणारी रुंदी अशी जवळजवळ सारखी, म्हणजे साधारण अर्धा अंश. क्षितिजापासून माथ्यापर्यंत नव्वद अंश धरले तर एकावर एक असे १८० चंद्र रचावे लागतील. आकाशात ते किती लहान आहेत, ते यावरून ध्यानात यावे.

आता खरी मापे. चंद्राचा व्यास ३,४७४ किलोमीटर, सूर्याचा सुमारे १३ लाख ९२ हजार. म्हणजे सूर्य चारशे पट रुंद. चंद्र आपल्यापासून सरासरी ३ लाख ८४ हजार किलोमीटरांवर आणि सूर्य १४ कोटी ९६ लाख किलोमीटरांवर, म्हणजे सुमारे ३९० पट दूर. चारशे पट मोठा, पण जवळजवळ तितकाच दूर. लांबची मोठी वस्तू आणि जवळची लहान वस्तू डोळ्याला सारखी भासते, तसाच हा प्रकार.

शिक्षकबंधूंना हे वर्गात दाखवायचे असेल तर त्याला खर्च नाही. राजगिऱ्याचा एक दाणा घ्या, तो चंद्र. ज्वारीचा एक दाणा घ्या, ती पृथ्वी. दोघांमध्ये अकरा सेंटिमीटर अंतर ठेवा. आता ज्याचे पोट चाळीस सेंटिमीटर रुंद आहे असा माठ शोधून आणा, तो सूर्य. तो ठेवायचा त्रेचाळीस मीटरांवर, म्हणजे बहुतेक शाळांच्या पटांगणाच्या पार पलीकडे. ज्वारीच्या दाण्याजागी डोळा नेऊन पाहिले तर अकरा सेंटिमीटरांवरचा राजगिऱ्याचा दाणा त्या माठाला झाकून टाकील. चित्र काढून हे कधीच नीट समजत नाही, कारण कोणत्याही फळ्यावर ही अंतरे मावत नाहीत.

आज आपण हे आकडे सहज सांगतो. पण माणसाला ते सापडायला दोन हजार वर्षे लागली, आणि अडचण नेमकी या सारखेपणातच होती. कशी, ते पाहू.

सूर्यग्रहणात चंद्र सूर्यापुढे येतो, तेव्हा सूर्य चंद्राच्या पलीकडे आहे एवढे निश्चित. पण किती पलीकडे? दुप्पट दूर असेल तर दुप्पट मोठा असला पाहिजे, वीसपट दूर असेल तर वीसपट मोठा, हजारपट तर हजारपट. नुसत्या दिसण्यावरून यांतले कोणते खरे ते कळायला मार्ग नाही. अंतर चुकले की आकारही त्याच मापाने चुकतो, आणि दोन्ही चुका एकमेकींना अशा बेमालूम झाकतात की ग्रहणाचे गणित जवळपास बरोबरच येते.

ग्रीक लोकांत ॲरिस्टार्कस नावाचा ज्योतिषी इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात होऊन गेला. त्याने एक सुरेख युक्ती काढली. चंद्र बरोबर अर्धा दिसतो त्या क्षणी सूर्य आणि चंद्र यांच्यामध्ये किती अंशांचा कोन आहे हे मोजायचे. त्याने तो ८७ अंश धरला आणि उत्तर काढले की सूर्य चंद्राच्या अठरा ते वीस पट दूर आहे. अर्थात तेवढाच पट मोठाही. युक्तीत खोट नव्हती. पण खरा कोन नव्वद अंशांना इतका चिकटलेला आहे की नुसत्या डोळ्याने तो फरक पकडणे अशक्यच. पुढे दुसऱ्या शतकात हिपार्कसने एका सूर्यग्रहणाचाच उपयोग केला. एका ठिकाणी सूर्य पुरता झाकला गेला आणि त्याच वेळी दूर इजिप्तमधील अलेक्झांड्रियात पाचवा हिस्सा उघडा राहिला, एवढ्यावरून चंद्र पृथ्वीच्या त्रिज्येच्या साठसत्तर पटींच्या आसपास दूर आहे असे त्याने काढले. खरा आकडा साठ. चंद्र हाती आला, सूर्य निसटला.

आपल्याकडे काय झाले? सूर्यसिद्धांत या प्राचीन ग्रंथात पृथ्वीचा व्यास १,६०० योजने, चंद्राचा ४८० आणि सूर्याचा ६,५०० योजने दिला आहे. योजन म्हणजे नेमके किती यावर वाद आहेत. ते बाजूला ठेवून नुसती प्रमाणे पाहावीत. ४८० ला १,६०० ने भागले तर चंद्र पृथ्वीच्या तीन दशांश रुंद ठरतो. आजचे माप याच्या फार जवळ, सत्तावीस शतांश. पण सूर्य पृथ्वीच्या जेमतेम चौपट ठरतो, आणि खरा आहे १०९ पट! एक आकडा इतका चांगला आणि दुसरा इतका चुकलेला, असे का व्हावे?

कारण पाहण्यासारखे आहे. त्या ज्योतिष्यांनी असे गृहीत धरले होते की सगळे ग्रह आपापल्या कक्षेत रोज सारखीच योजने चालतात. चंद्राची फेरी सत्तावीस दिवसांहून थोडी जास्त, सूर्याची ३६५ दिवसांची. मग सूर्याची वाट सव्वातेरा पटींहून थोडी मोठी, म्हणून तो तितकाच दूर. आणि तेवढा दूर असून चंद्राएवढाच दिसतो, तर तो साडेतेरा पट मोठा असलाच पाहिजे. ६,५०० ला ४८० ने भागून पाहा, साडेतेराच येतात. त्या ग्रंथातल्या मापांवरून दोघांची दिसणारी रुंदी काढली तर प्रत्येकी सुमारे ३२ कला, म्हणजे अर्ध्या अंशाहून किंचित जास्त निघते. हे अगदी अचूक! डोळ्याने मोजता येईल ते त्यांनी उत्तम मोजले होते. चंद्र जवळ असल्यामुळे पृथ्वीवरच्या निरनिराळ्या जागांहून तो ताऱ्यांमध्ये थोडा सरकलेला दिसतो. या सरकण्याला आपले ज्योतिषी लंबन म्हणत, आणि ते ग्रहणाच्या वेळी पारखता येत असे. सूर्याचे लंबन नुसत्या डोळ्याला दिसणे शक्यच नव्हते. तिथे गृहीतकावर भागवावे लागले.

आपल्या प्राचीनांना सगळे ठाऊक होते असे म्हणणारे लोक आहेत, आणि काहीच ठाऊक नव्हते असे म्हणणारेही आहेत. दोघांनीही हे दोन भागाकार करून पाहावेत असे मला वाटते. आर्यभटाने इसवी सन ४९९ मध्ये ग्रहणे ही सावल्यांनी होतात असे स्वच्छ लिहून ठेवले. भास्कराचार्यांनी ११५० च्या सिद्धांतशिरोमणीत त्याही पुढे जाऊन एक मोठा मार्मिक मुद्दा मांडला. सूर्यग्रहणात अर्धवट झाकलेल्या सूर्याची शिंगे टोकदार असतात आणि ग्रहण लवकर आटोपते. चंद्रग्रहणात शिंगे बोथट असतात आणि ग्रहण रेंगाळते. अर्थात सूर्याला झाकणारी वस्तू सूर्याएवढीच दिसणारी आहे, आणि चंद्राला झाकणारी चंद्राहून पुष्कळ मोठी. एकच राहू दोघांना गिळतो हे मग जमायचे नाही. पहिली वस्तू चंद्र, दुसरी पृथ्वीची सावली. पुढच्या ग्रहणात मुलांना ही शिंगे जरूर दाखवावीत. मराठीतून हा इतिहास विस्ताराने वाचू इच्छिणाऱ्याने शंकर बाळकृष्ण दीक्षित यांचा भारतीय ज्योतिषशास्त्रावरचा १८९६ चा ग्रंथ पाहावा. दीक्षित कोकणातल्या मुरूडचे, आणि पेशाने शिक्षक.

सूर्याचे अंतर अखेर दुर्बिणीनेच सापडले. १६७२ साली पॅरिस आणि दक्षिण अमेरिकेतील कायेन या दोन ठिकाणांहून एकाच काळात मंगळाचे वेध घेऊन कासीनी आणि रिशे यांनी ते पहिल्यांदा बऱ्यापैकी काढले. नंतर १७६१ आणि १७६९ साली शुक्र सूर्याच्या तबकडीवरून गेला तेव्हा साऱ्या जगभर माणसे पाठवून ते आणखी पक्के करण्यात आले. त्यानंतर चारशे पटींची गोष्ट उघड झाली, आणि सूर्य-चंद्राचा हा सारखेपणा किती विलक्षण आहे हेही.

विलक्षण अशासाठी की तो तंतोतंत नाही, काठावरचा आहे. चंद्राची कक्षा लांबट असल्यामुळे तो कधी ३ लाख ५७ हजार किलोमीटरांपर्यंत जवळ येतो, कधी ४ लाख ६ हजारांपर्यंत दूर जातो. पृथ्वीही जानेवारीच्या आरंभी सूर्याला सर्वांत जवळ आणि जुलैच्या आरंभी सर्वांत दूर असते. त्यामुळे दोघेही दिसायला थोडे लहानमोठे होत राहतात. ग्रहणाच्या दिवशी चंद्र मोठा असला तर सूर्य पुरता झाकतो, ते खग्रास. चंद्र लहान पडला तर सूर्याची कड चहूबाजूंनी बांगडीसारखी उरते; ते कंकणाकृती. १५ जानेवारी २०१० रोजी कन्याकुमारी-रामेश्वराकडे दिसलेले ग्रहण असे कंकणाकृती होते. २६ डिसेंबर २०१९ रोजी केरळ-तमिळनाडूत दिसलेलेही तसेच. दोन्ही वेळा सूर्य जवळचा, म्हणून मोठा. आणि चंद्र त्याला पुरला नाही.

पण चंद्र पुरला म्हणजे काय दिसते? सूर्याचे डोळे दिपवणारे बिंब तेवढे झाकले जाते, आणि त्याच्या भोवतीचा मोत्यासारखा फिकट किरीट व कडेवर उसळणाऱ्या तांबड्या ज्वाला एकदम प्रकट होतात. एरवी त्या तेजात त्या दिसतच नाहीत. चंद्र फार मोठा दिसत असता तर बिंबाबरोबर ज्वालाही पुष्कळशा झाकून गेल्या असत्या. लहान दिसत असता तर बिंब उघडे राहून काहीच दिसले नसते. झाकण भांड्याला अचूक बसले आहे, म्हणून कडेची वाफ दिसते.

आणि ही कडेची वाफ पाहण्यासाठी एकोणिसाव्या शतकात जगातले शास्त्रज्ञ एकाहून अधिक वेळा आपल्या दारी आले. पहिल्यांदा १८ ऑगस्ट १८६८ रोजी. ती श्रावणातली अमावास्या होती, पिठोरीची, देशावर जिला पोळ्याची म्हणतात ती. चंद्र जवळ होता आणि सूर्य उन्हाळ्यानंतरचा, दूरचा. त्यामुळे हे ग्रहण फार लांबले. सयामच्या आखाताकडे खग्रास अवस्था पावणेसात मिनिटे टिकली, आपल्या देशात पाच मिनिटांहून जास्त. छाया कोकण किनाऱ्यावरून आत शिरून विजापूरवरून आंध्रात गुंटूर आणि मछलीपट्टणकडे गेली. वेळ सकाळी नवाच्या आसपासची. भर पावसाळ्याचे दिवस, तेव्हा सर्वांच्या जिवाला घोर होता तो ढगांचा.

पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानात, जे गाव आज कर्नाटकात बागलकोट जिल्ह्यात आहे, जॉन हर्शेल नावाचा तरुण लष्करी अधिकारी दुर्बीण लावून बसला होता. युरेनस शोधणाऱ्या हर्शेलचा हा नातू. ढगांनी त्याला फार छळले. तरीही ढग फाटला तेवढ्यात त्याला ज्वालेच्या प्रकाशात तीन ठळक रेषा दिसल्या: तांबडी, नारिंगी आणि निळी. गुंटूरला फ्रान्सहून आलेले जान्सेन यांचे नशीब अधिक चांगले. तिकोनी काचेतून ऊन गेले की रंगांचा पट्टा पडतो हे आपण पाहिले आहे. त्याच तत्त्वावरच्या वर्णपटदर्शकातून पाहताना ज्वालांच्या उजळ रेषा त्यांना स्पष्ट दिसल्या, आणि त्यावरून या ज्वाला म्हणजे तापलेला वायू आहे, मुख्यतः हायड्रोजन, हे ठरले. रेषा इतक्या तेजस्वी की त्या ग्रहणाशिवायही दिसाव्यात असे त्यांना वाटले. दुसऱ्या दिवशी सकाळी, सूर्य पुरता उघडा असताना, त्यांनी पुन्हा यंत्र लावले. आणि खरोखरच दिसल्या! ग्रहणाची काही मिनिटे संपली तरी आता काम अडणार नव्हते.

इकडे इंग्लंडात नॉर्मन लॉकियर नावाचे गृहस्थ स्वतंत्रपणे हाच विचार करीत होते. त्यांचे यंत्र उशिरा तयार झाले. २० ऑक्टोबर १८६८ रोजी, हिंदुस्थानातल्या ग्रहणाला दोन महिने उलटून गेल्यावर, त्यांना घरच्या घरी त्या रेषा दिसल्या. योगायोग असा की जान्सेन यांचे हिंदुस्थानातून निघालेले पत्र आणि लॉकियर यांची वार्ता पॅरिसच्या विज्ञान अकादमीत एकाच दिवशी पोहोचली. फ्रान्सने पुढे दोघांचे मुखवटे कोरलेले एक पदक काढले. त्या रेषांमधली एक पिवळी रेषा सोडियमच्या रेषांच्या शेजारी होती, पण त्यांच्याशी जुळत नव्हती. पृथ्वीवरच्या कोणत्याच पदार्थाशी जुळत नव्हती. हा सूर्यातला नवा पदार्थ असावा असे मानून त्याला सूर्याच्या ग्रीक नावावरून हेलियम हे नाव पडले. पुष्कळांनी ते हसण्यावारी नेले. १८९५ साली रॅम्से यांना एका खनिजातून निघालेल्या वायूत तीच पिवळी रेषा सापडली, तेव्हा हसणे थांबले.

त्या ग्रहणाची एक करुण आठवणही आहे. सयामचे राजे मोंकुट यांना ज्योतिषाचा मोठा नाद. त्यांनी स्वतः गणित करून खग्रास कुठे आणि केव्हा दिसेल ते काढले, समुद्रकाठच्या जंगलात मोठी छावणी उभारली आणि परदेशी पाहुण्यांना बोलावले. गणित बरोबर उतरले. पण त्या जागेचा हिवताप त्यांना भोवला, आणि १ ऑक्टोबर १८६८ रोजी ते वारले.

आणखी एक वेळ २२ जानेवारी १८९८ ची, पौष अमावास्येची. या खेपेला छाया थेट आपल्या महाराष्ट्रातून गेली: कोकणात विजयदुर्ग, देशावर सोलापूर जिल्ह्यातले जेऊर, वऱ्हाडात तळणी, आणि तशीच पुढे बिहारात बक्सरकडे. जानेवारीतला सूर्य जवळचा आणि मोठा, त्यामुळे चंद्राला तो जेमतेम झाकता आला. खग्रास फक्त दोन मिनिटांची. पण आकाश निरभ्र, जे १८६८ ला नव्हते. त्या हिवाळ्यात मुंबई-पुण्याकडे प्लेगाने कहर मांडला होता, गावेच्या गावे माळावर झोपड्यांत राहावयास गेली होती, आणि तशा दिवसांत ही मंडळी पेट्याच्या पेट्या भरून यंत्रे घेऊन आली.

जेऊरला अमेरिकेतल्या लिक वेधशाळेचे कॅम्बेल चाळीस फूट लांबीचा कॅमेरा घेऊन आले होते. तिथेच पुण्याच्या सायन्स कॉलेजातले प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला यांचीही तुकडी होती. भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून पुण्यात उभारलेल्या वेधशाळेचे ते प्रमुख. आपल्या देशातल्या माणसाने आधुनिक पद्धतीने खग्रास ग्रहणाची अशी मोहीम चालवावी ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती. त्यांचा अहवाल पुढे छापूनही निघाला. पण त्यांचे नाव आज आपल्या मुलांना ठाऊक नाही, ही खंत वाटते. तळणीला ॲनी माँडर या इंग्रज बाईंनी लहानशा कॅमेऱ्याने सूर्याच्या किरीटाचा असा एक लांब झोत टिपला की तेवढा लांब तोपर्यंत कोणाच्याच चित्रात आला नव्हता.

आणि विजयदुर्गाला आले ते स्वतः लॉकियर. त्यांच्या दिमतीला मेल्पोमिनी नावाची लढाऊ आगबोट होती आणि तिच्यावरचे खलाशी यंत्रे हाताळायला शिकवून तयार केले होते. किल्ल्यात आजही दगडी चौथरे दाखवतात. त्यांना गावात साहेबाचे कट्टे म्हणतात.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. लॉकियर साहेबांनी १८६८ साली विजयदुर्गावरून हेलियम शोधला असे पुष्कळ ठिकाणी सांगतात, छापतात, आणि अलीकडे १८ ऑगस्टला तेथे हेलियमचा दिवसही साजरा होतो. दिवस साजरा करायला हरकत नाही. परंतु १८६८ साली लॉकियर हिंदुस्थानात नव्हतेच. ते विजयदुर्गाला आले १८९८ मध्ये, आणि तोवर हेलियम पृथ्वीवर सापडूनही तीन वर्षे झाली होती. त्यांनी इथे जे केले ते निराळे होते: सूर्य झाकला जाण्याच्या आणि उघडण्याच्या ऐन क्षणी कडेवरच्या वायूंच्या रेषा काही पळे लखकन चमकतात, त्यांची छायाचित्रे घेणे. हे काम कमी मोलाचे नव्हे. विजयदुर्गाचा मान एवढ्याने पुरेसा आहे. शिक्षकांनी तरी मुलांना तारखा नीट सांगाव्यात.

आता मूळ प्रश्नाकडे. चारशे पट आणि चारशे पट हे जुळले ते कोणत्या नियमाने? नियम असा काही नाही. तो योगायोग आहे. मंगळाला दोन चंद्र आहेत, पण त्यांतला मोठाही सूर्यासमोरून जाताना त्याला पुरता झाकीत नाही. मंगळावर उतरवलेल्या यंत्रगाड्यांनी याची छायाचित्रे पाठवली आहेत. गुरूवरून पाहिले तर उलटा प्रकार. त्याचे मोठे चंद्र तिथल्या चिमुकल्या सूर्याहून कितीतरी मोठे दिसतील.

बरे, हा योगायोग कायमचाही नाही, आणि याचे कारण त्याच विजयदुर्गाच्या तटाखाली दिवसातून दोनदा येते-जाते: भरती. कोळीबांधवांना ठाऊक आहे की अमावास्या-पौर्णिमेला उधाण येते आणि अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असते, म्हणजे पाणी फारसे चढत नाही. उधाणात चंद्र आणि सूर्य दोघे मिळून पाणी ओढतात, भांगात एकमेकांच्या आड येतात. यातली एक गंमत सांगतो. दोन गोल आकाशात सारखेच रुंद दिसत असले तर त्यांच्या भरतीचा जोर त्यांच्या घनतेच्या प्रमाणात असतो. चंद्र दगडाचा, पाण्याच्या सव्वातीन पटींहून थोडा जड. सूर्य वायूचा, पाण्याच्या दीडपटही नाही. म्हणून चंद्राची भरती सूर्याच्या भरतीच्या दुपटीहून थोडी अधिक भरते. भांगाच्या दिवशी पाणी हलायचे पुरते थांबत नाही, ते या फरकामुळे.

पृथ्वी स्वतःभोवती भराभर फिरते, चंद्र तिच्याभोवती सावकाश. त्यामुळे भरतीने फुगलेले पाणी चंद्राच्या जरा पुढे ओढले जाते आणि ते चंद्राला पुढच्या बाजूला हलकासा ओढा देत राहते. या ओढ्याने चंद्राची कक्षा हळूहळू मोठी होते, आणि त्या बदल्यात पृथ्वीचे फिरणे मंदावते. हे नुसते अनुमान नाही. जुलै १९६९ मध्ये चंद्रावर उतरलेल्या माणसांनी तिथे आरसे ठेवले. त्यांवर इथून लेसरचा प्रकाश टाकून तो परत यायला किती वेळ लागतो ते मोजतात. चंद्र दरवर्षी ३.८ सेंटिमीटर दूर जात आहे, आपली नखे वाढतात साधारण त्या वेगाने. १८६८ च्या त्या पिठोरीपासून आजवर तो सहा मीटर लांब गेला. एवढ्याने ग्रहणाला काही होत नाही. पण सुमारे साठ कोटी वर्षांनी तो इतका दूर गेलेला असेल की जवळात जवळ असतानाही सूर्याला झाकायला पुरणार नाही. त्यानंतर पृथ्वीवरून कंकण दिसेल, खग्रास कधीच नाही. आणि फार फार मागे, चंद्र जवळ असताना, तो सूर्यापेक्षा ढळढळीत मोठा दिसत असे.

आपल्याला त्याची काळजी नाही. आपल्यासमोर २ ऑगस्ट २०२७ आहे, आषाढी अमावास्या, दिव्यांची अवस. त्या दिवशी इजिप्तकडे सूर्य सहा मिनिटांहून जास्त वेळ झाकला जाईल, आणि आपल्या पश्चिम भारतातून दुपार कलताना खंडग्रास दिसेल. खग्रास पाहायचेच असेल तर २० मार्च २०३४ रोजी काश्मीर-लडाखकडे जावे लागेल. २०२७ च्या ग्रहणाला दिवस पावसाचे, ढग असणारच. पण ढग फाटला तर सूर्याकडे न पाहता आंब्याच्या किंवा चिंचेच्या झाडाखाली जमिनीकडे पाहा. एरवी पानांमधून पडणारे ते गोल कवडसे त्या वेळी गोल नसतील. प्रत्येकाच्या एका बाजूला चंद्राने चावा घेतलेला असेल.